जुना स्पेक्ट्रम घ्यायचाय? आधी अडॅप्टर मोजा, मग पैसे मोजा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लहानपणी काकांकडे डीबी स्पेक्ट्रम होता, त्यावर तुम्ही शिकलात, आता तसाच एखादा जुना होम कॉम्प्युटर स्वतःचा हवाय आणि सहावीतल्या मुलाला त्यावर बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायचीय. समोर तीन पर्याय आहेत. नाशिकला एका गृहस्थांच्या माळ्यावर डीबी स्पेक्ट्रम प्लस पडून आहे, ते म्हणतात "टेस्ट केलेला नाही". इंग्लंडमधल्या लेस्टरचे भाऊजी डिसेंबरात येताना रबरी कीबोर्डवाला ४८के, म्हणजे ४८ किलोबाइट मेमरीचा स्पेक्ट्रम आणू शकतात. आणि न्यू जर्सीचा मित्र त्याचा कमोडोर ६४, त्याच काळातला अमेरिकन होम कॉम्प्युटर, फुकट द्यायला तयार आहे. कुठला घेऊ आणि घेताना काय बघू.

माझं मत आधीच सांगतो, नाशिकचा बघून या आणि खाली सांगतोय त्यात पास झाला तर तोच घ्या, चालू नसला तरी. भाऊजींकडून मशीन न मागवता सुटे पार्ट मागवा. न्यू जर्सीच्या मित्राला मनापासून थँक्यू म्हणा आणि तो कमोडोर तिथेच राहू द्या. आता कारणं.

मी १९८७ पासून दुरुस्तीच्या धंद्यात आहे, आधी टीव्ही आणि टेप, मग मॉनिटर आणि एसएमपीएस, आणि गेली बारा-तेरा वर्षं बहुतेक वेळ या चाळीस वर्षं जुन्या मशीनांवरच जातो. लोक येतात ते नेहमी मॉडेल विचारत येतात, स्पेक्ट्रम चांगला की कमोडोर, कुणाचा साउंड भारी, कुणाचे गेम जास्त. १९८३ साली नवीन घेताना हा प्रश्न बरोबर होता, आज तो दुसऱ्या नंबरचा आहे. आज पहिला प्रश्न हा की हे मशीन इतकी वर्षं कुठे होतं, कुणी उघडलंय का, आणि त्याला करंट कुठून मिळणार. माझ्याकडे येणारी जी मशीनं खरोखर वाया गेलेली असतात ना, त्यातली बरीचशी माळ्यावर पडून खराब झालेली नसतात, माळ्यावरून काढून उत्साहाच्या भरात हाताला लागेल तो अडॅप्टर लावला त्या दोन सेकंदात गेलेली असतात.

म्हणून अडॅप्टरपासून सुरू करतो. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतं, १.४ अँपिअरचा अडॅप्टर असतो, आणि त्याच्या पिनेत मधलं टोक निगेटिव्ह असतं आणि बाहेरची नळी पॉझिटिव्ह. आज तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला जाऊन ९ व्होल्टचा अडॅप्टर मागितला तर जो हातात मिळतो त्यात जवळपास नेहमी मधलं टोक पॉझिटिव्ह असतं. पिन तीच, साइज तीच, बसते पण अगदी घट्ट, आणि मशीनमध्ये उलट्या पोलॅरिटीपासून वाचवणारं काहीही नाही. उलटा करंट गेला की आतल्या छोट्या ट्रान्झिस्टरपासून मेमरीच्या चिपांपर्यंत काय काय जाईल ते सांगता येत नाही. विकणाऱ्याला "चालू करून दाखवा" म्हणायची आपल्याला सवय आहे, पण इथे ते म्हणायचं नाही. चालू करायच्या आधी मीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर, काढायचा.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, अडॅप्टर भिंतीला लावा, मशीनला लावू नका. काळी प्रोब पिनेच्या मधल्या भोकात, लाल बाहेरच्या नळीला. आकडा यायला पाहिजे तो १३ किंवा १४ च्या आसपास, मायनसचं चिन्ह न येता. लोक इथे घाबरतात, ९ लिहिलंय आणि १३ कसे दाखवतोय म्हणून. जुना ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर आहे तो, लोड नसताना चढाच दाखवतो, मशीन लागलं की खाली येतो, यात काही चूक नाही. मायनस दिसला मात्र तर प्रोब उलट्या लावल्यात का ते एकदा बघा, आणि त्या बरोबर असतील तर तो अडॅप्टर या मशीनचा नाही, बाजूला ठेवा. काहीच आकडा आला नाही तर बहुतेक वेळा वायर पिनेपाशी आतून तुटलेली असते, ते किरकोळ काम आहे, त्यावरून मशीनबद्दल काही ठरवू नका.

आता मशीन. सिंक्लेअर कंपनीचा स्पेक्ट्रम इंग्लंडमध्ये एप्रिल १९८२ ला आला, १६के १२५ पाउंडाला आणि ४८के १७५ पाउंडाला, आणि इतका स्वस्त देता यावा म्हणून आत जी काटकसर केली तीच आज आपल्या टेबलावर दुरुस्तीला येते. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे खालच्या १६के मेमरीच्या आठ चिपा, नंबर ४११६. या चिपांना एक सोडून तीन व्होल्टेज लागतात, अधिक ५, अधिक १२ आणि वजा ५. अडॅप्टर तर एकच ९ व्होल्ट देतो, मग १२ आणि वजा ५ हे दोन बोर्डावरच एक कॉइल आणि दोन छोटे ट्रान्झिस्टर यांच्यापासून बनवतात. त्यातला टीआर४ नावाचा ट्रान्झिस्टर गेला, किंवा जुने कॅपॅसिटर सुकले, की वजा ५ गायब होतं आणि बाकी दोन व्होल्टेज येत राहिली की ४११६ भाजून निघते. म्हणजे रोग एक आणि मरतो दुसराच. नुसत्या चिपा बदलून चालू करणारे लोक आहेत, चार दिवसांनी नवीन चिपाही जातात. पंचाहत्तर-पंचाऐंशी टक्के वगैरे आकडे मी सांगणार नाही पण माझ्या टेबलावर येणाऱ्या बंद स्पेक्ट्रमात ही गोष्ट मी सगळ्यात आधी बघतो. ४११६ च्या १ नंबर पिनेवर वजा ५, ८ वर १२, ९ वर ५, आणि १६ ग्राउंड, मीटर लावून तीन आकडे घेतले की अर्धं निदान झालं.

वरची ३२के मेमरी वेगळी आहे. तिथे ६४ किलोबिटच्या अशा चिपा वापरल्या ज्यांचा एक अर्धा भाग कारखान्यातच खराब निघालेला होता, चांगला अर्धा वापरायचा आणि कुठला अर्धा ते बोर्डावरच्या एका लिंकनं ठरवायचं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्या माणसांबद्दल आदरच वाटला, टाकून द्यायच्या मालातून लाखो घरांत कॉम्प्युटर पोचवला. या वरच्या मेमरीचा फायदा असा की ती गेली तरी मशीन १६के म्हणून चालू होतं, आणि विकणारा प्रामाणिकपणे म्हणतो की चालू आहे. म्हणून चालू दिसला की एक गोष्ट टाइप करायची: प्रिंट पीक २३७३२ अधिक २५६ गुणिले पीक २३७३३. उत्तर ६५५३५ आलं तर पूर्ण ४८के शाबूत. ३२७६७ आलं तर वरची मेमरी मशीनला दिसत नाहीये, भाव त्याप्रमाणे खाली. प्रिंट हा शब्द अक्षर-अक्षर टाइप करायचा नाही हे तुम्हाला आठवत असेलच, पी दाबला की अख्खा प्रिंट येतो.

तुमच्या नाशिकच्या मशीनबद्दल. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं सिंक्लेअरच्या लायसन्सवर स्पेक्ट्रम प्लस आपल्याकडे आणला, तोच डीबी स्पेक्ट्रम, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी मध्यमवर्गीय घरात पोचलेला कॉम्प्युटर म्हटलं की माझ्या पिढीला हाच आठवतो. तुमच्या काकांकडचा तोच. रबरी आणि प्लस यांच्यात आत फार फरक नाही, तोच ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८० प्रोसेसर, तेच ४८के. प्लसला कडक प्लास्टिकच्या की आणि डाव्या बाजूला रिसेटचं बटण असतं. मुलाच्या बोटांना प्लस सोपा जातो. आणि पुण्याशी नातं असलेलं मशीन आपल्या घरात चालू राहावं असं मला मनापासून वाटतं, हे कारण तांत्रिक नाही पण मी ते लपवणार नाही.

तिथे गेल्यावर काय बघायचं. सगळ्यात आधी मागच्या बाजूचं बोर्डाचं टोक, जिथे जॉयस्टिकचं इंटरफेस लागतं, पितळी पट्ट्या दिसतात तिथे. टॉर्च मारा. नुसती काळपट झालेली असेल तर खोडरबरानं निघते. हिरवी पावडर असेल तर ओल लागलीय, आणि टोकालाच इतकी असेल तर आत चिपांच्या पायांना किती असेल याचा विचार करा. नाशिकच्या हवेत हे कमी असतं, मुंबईतलं किंवा कोकणातलं मशीन असतं तर मी हीच तपासणी दुप्पट कडक करायला सांगितली असती. मग मशीन उलटं करा, खालच्या स्क्रूंची डोकी बघा. स्क्रू घासलेले असतील किंवा एखादा नसेल तर कुणीतरी उघडलंय. उघडलंय म्हणजे वाईटच असं नाही, पण चिपा काढताना बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक उचलले गेले असतील तर ते काम माझ्यासारख्यालाही दोन-दोन दिवस खातं. हातच न लागलेलं बंद मशीन मला तीन जणांनी दुरुस्त करायचा प्रयत्न केलेल्या मशीनपेक्षा कधीही चालेल. हळूच हलवून बघा, आत काही खडखडलं तर विचारा. आणि वास घ्या. उंदराच्या मुताचा वास आला तर परत या, ते आम्ल ट्रॅक खातं आणि तो वासही जात नाही.

"टेस्ट केलेला नाही" याचा अर्थ बऱ्याचदा टेस्ट केला आणि चालला नाही असा असतो. त्या गृहस्थांना खोटं पाडायचं नाही, पण भाव बंद मशीनचाच करायचा. माझा स्वतःचा नियम आहे, न तपासलेल्या मशीनला चालू मशीनच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त द्यायचे नाहीत, मग ते चालू निघालं तर नशीब.

अडॅप्टर बरोबर निघाला आणि त्यांची हरकत नसेल तर मगच चालू करा. मागच्या टोकाला काही लावलेलं असेल तर करंट द्यायच्या आधी काढून ठेवा, आणि हे कायमचं लक्षात ठेवा, मुलालाही पहिल्याच दिवशी शिकवा. मागच्या टोकावर ९, १२ आणि वजा ५ व्होल्ट उघडे येतात, चालू असताना इंटरफेस जरासं वाकडं झालं की ते शेजारच्या लाइनला भिडतात. दहा वर्षांपूर्वी माझ्याच टेबलावर एक पूर्ण दुरुस्त केलेला स्पेक्ट्रम असा गेला. भाचा जॉयस्टिकवर खेळत होता, मशीन थोडं पुढे ओढलं, मागे लावलेलं इंटरफेस टेबलाच्या कडेला अडलं आणि कट् असा अगदी बारीक आवाज आला, स्क्रीनवर उभ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. प्रोसेसर आणि चार मेमरी चिपा गेल्या. तेव्हापासून मी इंटरफेस लावलेलं मशीन एका फळीवर बसवून देतो, म्हणजे सगळं एकत्र हलतं.

चालू केल्यावर क्षणभर काळा स्क्रीन, मग पांढरा, आणि खाली सिंक्लेअरची १९८२ ची कॉपीराइटची ओळ. ती आली की जिंकलात. रंगीत चौकोनांचा कचरा येऊन थांबला तर बहुतेक मेमरी, म्हणजे काम करण्यासारखं. मग एकेक की दाबून बघा. क्यू ते टी किंवा ए ते जी असे सलग पाच एकदम मेलेले असतील तर घाबरू नका, ते मशीन गेलेलं नसतं, कीबोर्डखालची मेंब्रेन तडकलेली असते. प्लास्टिकची पातळ शीट आहे ती, आणि ती जिथे बोर्डात शिरते त्या शेपटीपाशी वाळून मोडते. नवीन बनवून मिळतात, इंग्लंडात सहज.

टीव्हीचं काय हे तुम्ही विचारलं नाहीत पण तिथेच अडाल. रंगीत टीव्हीच्या सिग्नलच्या पद्धती देशोदेशी वेगळ्या, स्पेक्ट्रमची पाल आहे आणि आपलीही पाल, त्यामुळे रंगाची अडचण नाही. पण ब्रिटिश मशीन अँटेनाच्या वायरनं यूएचएफच्या ३६ नंबर चॅनलवर चित्र देतं आणि हल्लीच्या एलईडी टीव्हीचे अॅनालॉग ट्यूनर त्यावर मुंग्या दाखवतात. उपाय सोपा आहे, आत मॉड्युलेटर, म्हणजे अँटेनाचा सिग्नल बनवणारी डबी असते, तिच्यात तो आरएफ सिग्नल तोडून मूळ चित्राचा, म्हणजे कॉम्पोझिट सिग्नल सरळ त्याच सॉकेटला जोडायचा, दहा मिनिटांचं काम, केसला भोक पाडायला लागत नाही आणि नंतर परत मूळ जागी आणता येतं. मग टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटमध्ये वायर. स्वस्तातले एव्ही टू एचडीएमआय डबे काही चालतात, काहींवर चित्र वर-खाली पळतं, मशीन सोबत नेऊन लावून बघितल्याशिवाय घेऊ नका. घरी जुना १४ इंची पिक्चर ट्यूबवाला टीव्ही असेल तर भंगारात देऊ नका, त्यावर जे चित्र दिसतं ते कुठल्याच एलईडीवर येत नाही.

कॅसेट जुन्या मिळाल्या आणि त्यावर पांढरी बुरशी दिसली तर लावू नका, बुरशी हेडवर जाते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटही खराब करते. मोबाइलवरून गेमचा आवाज मागच्या इअर सॉकेटमध्ये दिला तरी लोड होतो. आवाज फुल, इक्वलायझर आणि बाकी सगळे इफेक्ट बंद, आणि फोन एअरप्लेन मोडवर. चार-पाच मिनिटं लोडिंग चालतं आणि शेवटच्या मिनिटाला व्हॉट्सअॅपची टिंग वाजली की सगळं पहिल्यापासून.

रबरी ४८के भाऊजींकडून का नको? वाईट आहे म्हणून नाही, माझ्या मते दिसायला तोच सगळ्यात देखणा. पण तिथे भाऊजी ऑनलाइन फोटो बघून घेणार, त्यांना ना मीटर लावता येणार ना स्क्रू बघता येणार, आणि इथे आल्यावर बंद निघाला तर परत करायचा रस्ता नाही. शिवाय मुलाला टायपिंग करायचंय, रबरी की दाबून तासभर प्रोग्रॅम लिहिणं कष्टाचं आहे.

कमोडोर ६४ बद्दल थोडं कठोर बोलतो कारण यात लोकांचे पैसे आणि मन दोन्ही गेलेले पाहिलेत. मशीन म्हणून अप्रतिम आहे, त्याची सिड साउंड चिप आजही लोक संगीतासाठी शोधतात. पण अमेरिकेतला कमोडोर एनटीएससी, म्हणजे तिथल्या टीव्हीच्या पद्धतीचा आहे, ६० हर्ट्झचा, त्याचा पॉवर सप्लाय तिथल्या १२० व्होल्टचा. आपल्या २३० मध्ये सरळ घातला तर संपला. आणि ट्रान्सफॉर्मर लावून चालवला तरी तो जुना सप्लाय हाच खरा धोका आहे. आत सगळं एपॉक्सीत बुडवलेलं, उघडता येत नाही, आणि त्यातला ५ व्होल्टचा रेग्युलेटर म्हातारा झाला की बंद पडायच्या ऐवजी जास्त व्होल्टेज सोडायला लागतो. सहा, सात, कधी त्याहून जास्त. मशीन तुम्हाला काही न सांगता आतल्या मेमरी आणि बाकी चिपा गमावतं. ५.२ च्या वर आकडा दिसला की तो सप्लाय मी माझ्या हातानं वायर कापून टाकतो म्हणजे दुसरा कुणी लावणार नाही. कमोडोरच्या ग्राफिक्स, साउंड, पीएलए या सगळ्या चिपा खास त्यांच्याच, इथे दुकानात मिळत नाहीत. पहिलं मशीन म्हणून नको. दोन वर्षांनी हात बसला आणि तरी मन झालं तर पाल मॉडेल आणि नवीन बनवलेला सप्लाय घ्या, तेव्हा मी स्वतः हो म्हणेन.

एक चौथी शक्यता पण सांगून ठेवतो. १९८४ मध्ये सरकारनं शाळांसाठी क्लास नावाची योजना काढली, त्यात ब्रिटनचा बीबीसी मायक्रो आला, आपल्याकडे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सनं तो एससीएल युनिकॉर्न नावानंही केला. शाळांच्या भंगारात अजून कधीतरी सापडतो. शिकवायला त्याचं बेसिक या सगळ्यांत सर्वात चांगलं आहे, आणि तुम्हाला असा मिळालाच तर नुसता उचला, पण घरी आणून चालू करू नका. त्याच्या आतल्या पॉवर सप्लायमध्ये रिफा कंपनीचे पिवळट पारदर्शक चौकोनी कॅपॅसिटर असतात, त्यांना बारीक भेगा पडून आत ओल शिरलेली असते, आणि मशीन व्यवस्थित चालू होऊन पाच-दहा मिनिटं चालल्यावर फटकन फुटून खोलीभर उग्र धूर होतो. मशीनला सहसा काही होत नाही पण घरातले पुन्हा ते चालू करू देत नाहीत. आधी ते कॅपॅसिटर बदलून घ्यायचे.

मुलाबद्दल एक सुचवतो. पार्ट यायला अजून महिना-दीड महिना आहे, तोपर्यंत लॅपटॉपवर फ्यूज हा फुकटचा एम्युलेटर, म्हणजे स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्रॅम, टाका आणि दोघं मिळून रोज अर्धा तास बसा. बॉर्डर २ लिहून कडा लाल करणं, बीप १,० नं मधला सा वाजवणं, प्लॉट-ड्रॉ नं घर काढणं, एवढ्यानंच कळेल त्याला गोडी लागते का. लागली तर खऱ्या मशीनवर तो तुमच्यापेक्षा जास्त बसेल. नाही लागली तरी मशीन घ्या, पण स्वतःसाठी म्हणून घ्या, त्याच्यावर लादू नका. २०२४ मध्ये रबरी स्पेक्ट्रमसारखाच दिसणारा एचडीएमआयवाला नवीन आलाय, आत एम्युलेटरच आहे, दुरुस्तीची कटकट नको असेल तर तोही वाईट नाही, पण तुम्ही ज्या तऱ्हेनं काकांच्या मशीनबद्दल लिहिलंय त्यावरून तुमचं त्यात मन रमणार नाही.

तर रविवारी नाशिकला जाताना मीटर, टॉर्च आणि स्टार स्क्रूड्रायव्हर न्या. अडॅप्टरचा आकडा आणि मागच्या टोकाचा फोटो मला आधी पाठवा, मग चालू करायचं का ते सांगतो. भाऊजींना दोनच वस्तू आणायला सांगा, स्पेक्ट्रम प्लसची नवीन मेंब्रेन, ती दुमडायची नाही, कपड्यांच्या मध्ये सपाट ठेवायची, आणि स्पेक्ट्रमसाठीच बनवलेला नवीन अडॅप्टर, त्याचा तीन पट्ट्यांचा ब्रिटिश प्लग इथे कन्व्हर्टरवर चालतो. त्यांना "सेंटर निगेटिव्ह" हे शब्द लिहून पाठवा, फोनवर सांगू नका.